दिवाडीला, पंचवीस तारखेला

फेरीबोटीत आम्ही गाडीतून उतरलोच नाही.
काचा वर, मास्क वर,
आल्दाच्या मांडीवर स्टीलचा डबा, त्याचं जेवण,
सणाच्या घरी काय किती वेळ उघडं राहिलं
कोण मोजणार?
सिप्रियान मांडवीकडे असा पाहत होता
जसा दोन वर्षं पाण्याच्या पेल्याकडे पाहायचा.
तेव्हा दिवसाला तीन कप, खूण केलेला कप.
ऑगस्टपासून तीन लिटर,
नाही प्यायला तर मी ओरडते.

नणंदेच्या दारात नक्षत्र,
बाल्कांवात एक खुर्ची इतरांपासून चार हात लांब,
पुसून परत पुसलेली.
फिनेलचा वास दोदोलाच्या वासात मिसळेना.
भाचे पायरीखाली ओळीने उभे राहिले,
फोटो काढायला आल्यासारखे.
बोस्त्यांवमामाने हात पुढे केला, आठवलं,
तोच हात कपाळाला नेऊन सलाम ठोकला.
सगळे हसले. मग सगळे गप्प.
"गोठ्यापाशी जाऊ नको, नाचणी पेरलीय, माती ओली आहे,"
मीच म्हणाले.
देवाचं बाळ गुराढोरांत जन्मून निभावलं,
ह्याला ओली माती चालत नाही.

कसा आहेस, सगळ्यांनी विचारलं.
क्रिएटिनिन किती?
एक पूर्णांक दोन, त्याने सांगितलं,
मुलीचे मार्क सांगावेत तसं.
एस्कोलास्तिकाला कोणी काही विचारलं नाही.
ती आत बेबिंका कापत होती.
खालच्या फळीवरची बशी काढायला ती वाकली नाही,
गुडघ्यांवर बसली,
डावा हात बरगडीखाली.
मी पाहिलं. मी पाहिलेलं तिने पाहिलं.
"थंडी पडली की ओढतं," म्हणाली.
"त्याला सांगू नको."

सहा वर्षं ही दोघं भेटायची ती पणजीच्या कोर्टात.
परसातल्या पपनसावरून.
वकिलाकडे नकाशा, नकाशावर झाडाला लाल शाईचं वर्तुळ,
ती एका बाकावर, आम्ही दुसऱ्या.
मग बांबोळीला रक्त जुळवायची वेळ आली
तेव्हा ती आली, न बोलावता,
दोन बस बदलून, ओली छत्री घेऊन.
फॉर्मवर नात्याच्या रकान्यात लिहिलं, बहीण.
झाडाबद्दल बोलली नाही.
दावाही मागे घेतला नाही.

चारच्या सुमारास तो उठून मोरीत गेला.
दार जुनं, खाली वीतभर फट.
आणि आवाज आला,
लांबलचक, भरलेला, मध्ये न तुटणारा.
बाल्कांवातलं बोलणं थांबलं.
मामाने ग्लास खाली ठेवला.
एस्कोलास्तिका सुरी तशीच धरून
कान देऊन उभी राहिली.
"माझीच ती," म्हणाली.
"लहानपणापासून चांगली चालायची."
तो बाहेर आला तर सगळं घर
त्याच्याकडे बघून हसतंय,
आणि त्याला कळेना, चेन लावायची राहिली की काय.

मग ती खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली,
चार हातांवर, मास्क लावून.
तिची डावी कूस, त्याची उजवी,
समोरासमोर आली.
बोलली दोघं छपराबद्दल,
एका कौलाबद्दल पाऊण तास.

निघताना तिने मागच्या सीटवर पिशवी टाकली,
तीन पपनसं, देठासकट.
"तुला आणि आल्दाला. त्याला चव घेऊ देऊ नको,
गोळ्या रक्तात चढतात म्हणे."
तिला सगळी यादी पाठ.
"आणि अठरा जानेवारीला तारीख आहे,
वेळेवर या."

फेरीबोट हलली. पपनसं गडगडली.
बंद गाडीत तो वास भरला, कडवट, हिरवा,
वर्तुळाच्या दोन्ही बाजूंचा.
सिप्रियानने मास्क हनुवटीवर घेतला.
"वास चालतो ना?" त्याने विचारलं.
मी यादी आठवून पाहिली, शेवटच्या ओळीपर्यंत.
वासाबद्दल त्यात काही नव्हतं.